'झीज', 'घर्षण' आणि छर्‍यावरचा वण

प्रश्न: वंगणतेलाच्या चाचणी अहवालाचं मराठी करते आहे. फोर-बॉल चाचणीत, म्हणजे तेलात चार पोलादी छर्रे एकमेकांवर घासतात त्या चाचणीत, दोन आकडे येतात. पहिल्याला मी 'घर्षणांक' लिहिलं, दुसर्‍याला 'घर्षणखुणेचा व्यास'. तपासणार्‍यांनी दुसरा शब्द खोडला. घासल्यामुळेच खूण पडते ना? 'व्रण' चालेल का?

उत्तर: खोडला ते योग्यच केलं. 'घासणं' आणि 'झिजणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि प्रयोगशाळेतही ती दोन वेगळ्या वेळी मोजली जातात. १२.७ मिमी व्यासाचे तीन पोलादी छर्रे वाटीत घट्ट आवळलेले असतात, चौथा त्यांच्या खळग्यात वरून टेकतो. वाटीत तेल, तापमान ७५ अंश सेल्सियस. वरचा छर्रा मिनिटाला १२०० फेरे या गतीनं तासभर फिरतो, भार बहुधा ३९२ न्यूटन. फिरताना वाटीला जो पीळ बसतो त्यावरून घर्षणांक काढतात. यंत्र थांबलं की घर्षण संपलं. मग खालचे छर्रे सूक्ष्मदर्शकाखाली जातात, तिथे दिसते ती झीज.

दोन्ही आकडे एकाच दिशेनं हलतील असंही नाही. इंजिन तेलातलं झेडडीडीपी हे जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं पूरक द्रव्य (अ‍ॅडिटिव्ह) धातूवर पातळ थर धरतं. झीज कमी होते, पण तेलाचा पडदा विरळ असेल तिथे घर्षण वाढूही शकतं. ब्रेकच्या पॅडला तर घर्षण हवंच असतं, झीज तेवढी नको असते. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचणार्‍याला हे कळायला वावच उरत नाही.

आता 'व्रण'. संस्कृतात तो जखमेचा शब्द, मराठीतही व्रण म्हटलं की उघडी, चिघळणारी जखम डोळ्यांपुढे येते. जखम भरल्यावर मागे राहतो तो 'वण'. छर्‍यावर जे मोजतो ते असंच मागे राहिलेलं. मी भिंगातून पहिल्यांदा पाहिला तेव्हा एवढ्या गुळगुळीत पोलादावर तो चपटा, जवळजवळ गोल ठिपका बघून चकित झालो होतो. आत सगळ्या रेघा एकाच दिशेनं गेलेल्या. 'ओरखडा'ही नको, कारण ओरखडा म्हणजे एखादी रेघ. इथे रेघांच्या दिशेनं एक आणि आडवं एक अशी प्रत्येक छर्‍यावर दोन मापं घेतात आणि सहांची सरासरी काढतात. 'झिजेच्या वणाचा सरासरी व्यास' लिहा. जोडून 'झीजवण' करू नका, घाईत ते 'झिजवणं' वाचलं जातं.

प्रश्न: पटलं. 'वेल्ड लोड'ला 'चिकटभार' लिहिलंय, तेवढं सांगा.

उत्तर: चिकटतो तो डिंक, आणि तो सुटतोही. इथे दर वेळी नवे छर्रे घेऊन, भार टप्प्याटप्प्यानं वाढवत, दहा-दहा सेकंद यंत्र चालवतात. शेवटी तेलाचा पडदा टिकत नाही आणि चारही छर्रे वितळून एकजीव होतात. हातानं ते सुटे होत नाहीत. ज्या भाराला हे घडतं तो 'वेल्ड लोड'. 'वेल्ड भार' ठेवा, यंत्रावर काम करणारे वेल्डच म्हणतात.