कॉकर स्पॅनियलच्या पिल्लाचे कान पावसाळ्यात कसे आणि किती वेळा स्वच्छ करावेत?

पाऊसपाणी (ठाणे) – प्रश्न

आमच्याकडे कॉकर स्पॅनियल जातीचे तीन महिन्यांचे पिल्लू आले आहे. त्याचे कान इतके लांब आहेत की पाणी पिताना ते भांड्यात बुडतात, आणि सध्याच्या दमट हवेत दिवसभर ओलसरच राहतात. ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांनी कापसाच्या काडीने रोज कान साफ करावेत असे सांगितले. सोसायटीतील एका काकांनी लसणाची पाकळी टाकून गरम केलेले खोबरेल तेल घालण्याचा सल्ला दिला, तर कुत्र्यांच्या पार्लरमध्ये कानातील केस उपटावे लागतील असे म्हणाले. अलीकडे डाव्या कानात थोडा तपकिरी मळ दिसतो व पिल्लू तो कान खाजवते; खाणेपिणे आणि खेळणे मात्र नेहमीसारखेच आहे. यांपैकी कोणता सल्ला मानावा? शिवाय कानाला हात लावू लागलो की ते डोके फिरवून पळते, तेव्हा मुळात हे काम करायचे कसे, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

पशुवैद्य_पुणे

आपल्याला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांपैकी एकही मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळून पडद्यापर्यंत जाते. त्यामुळे काडी घातली की मळ बाहेर येण्याऐवजी त्या वळणापलीकडे ढकलला जातो, आणि रोज घासल्याने आतील नाजूक त्वचा सोलवटून संसर्गाला वाट मिळते. तेलाने मळ आणि ओल दोन्ही आतच अडकून राहतात. लसणाचा त्वचेला दाह होतो, शिवाय तो पोटात जाणे कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असते, आणि कान खाजवलेला पंजा पिल्लू चाटणारच.

निरोगी कानाला फारशी सफाई लागत नाही. आठवड्यातून एकदा कानाची पाळी (लोंबता भाग) उलटून आत पाहावे आणि वास घ्यावा. आतली त्वचा फिकट गुलाबी असेल, वास नसेल आणि मळ नावापुरताच असेल, तर काहीही न करता पाळी सोडून द्यावी. मळ साचलेला दिसला तरच कुत्र्यांसाठी मिळणारे कान धुण्याचे द्रावण वापरावे. बाटली थोडा वेळ हातात धरून द्रावणाचा गारवा घालवावा, नळी भरेल इतके ते ओतावे, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळावे आणि पिल्लाला डोके झटकू द्यावे. मग बोटाला कापूस गुंडाळून बोट सहज पोहोचेल तेवढाच भाग पुसावा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर टाळावे, कारण सोलवटलेल्या त्वचेला ते झोंबते, आणि एकदा झोंबले की पुढच्या वेळी पिल्लू जवळही येत नाही.

डाव्या कानाविषयी मात्र केवळ रंगावरून निदान करता येणार नाही. कॉफीच्या भुकटीसारखा कोरडा, काळपट मळ आणि भरपूर खाज असेल तर ऑटोडेक्टिस नावाच्या माइट्सचा (कानात राहणाऱ्या सूक्ष्म परजीवी किडींचा) संशय येतो; पिल्लांमध्ये ते बहुधा आईकडून येतात. तेलकट तपकिरी मळ आणि आंबूस वास असेल तर मालासेझिया ही यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) वाढलेली असू शकते. दोन्हींचे औषध वेगळे असल्यामुळे मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक आहे. माइट्स निघाल्यास घरातील इतर कुत्र्या-मांजरांवरही उपचार करावे लागतात. घरात पडून असलेले जुने थेंब घालू नयेत. पडद्याला छिद्र असल्यास त्यांतील काही औषधांनी ऐकू येणे आणि तोल या दोन्हींवर परिणाम होतो. डोके एका बाजूला कलणे, चालताना तोल जाणे, पू येणे किंवा हात लावताच केकाटणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी दाखवावे.

माडबनातला (देवगड)

डॉक्टरांच्या म्हणण्यात कोकणातल्या अनुभवावरून थोडी भर घालतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ‘आठवड्यातून एकदा पाहा’ एवढ्याने भागत नाही. बाहेर फिरून आल्यावर प्रत्येक वेळी पाळीची आतली बाजू आणि कडेच्या घड्या बोटांनी चाचपाव्यात, कारण गोचीड नेमके तिथेच दडतात. पावसाळा सरताना गवत वाळले की कुसळांचे दिवस सुरू होतात. फिरून येताच कुत्रा एकाच कानासाठी एकाएकी डोके झटकू लागला, तर आत कुसळ गेले असावे असे समजून थेट दवाखाना गाठावा. चिमटा घेऊन आत शोधत बसू नये.

पाण्याच्या भांड्याचा प्रश्न सोपा आहे. तोंड अरुंद आणि खोली जास्त असलेले भांडे घ्यावे, म्हणजे तोंड आत जाते आणि कान बाहेर राहतात. जेवताना जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून त्याची सैल पट्टी डोक्यावरून चढवली तरी चालते. जेवण झाले की ती लगेच काढावी. बोरिक पावडर टाकण्याची आमच्याकडे फार सवय आहे, ती मला पसंत नाही: ओल्या मळात तिचे गोळे होतात आणि ती चाटली जाते.

कात्री_कंगवा

मी ग्रूमिंगचे काम करते. पूडल किंवा शिह त्झू यांच्या नळीत केस दाट वाढतात, तरी तेही सरसकट उपटू नयेत. नळी बुजून त्रास होत असेल तरच पशुवैद्याला विचारून काढावेत, कारण उपटलेल्या जागी सूज येते. कॉकरच्या बाबतीत खरा उपयोग होतो तो पाळीच्या आतल्या बाजूचे आणि छिद्राभोवतालचे केस मशीनने बारीक करण्याचा, म्हणजे हवा खेळती राहते. कानामागे जटा झाल्यास त्या कात्रीने कापू नयेत, कारण तिथली त्वचा पातळ असून जटेबरोबर वर खेचली जाते आणि सहज कापली जाते.

हात लावू न देण्यावर उपाय धीराचाच आहे. पिल्लू पेंगुळलेले असताना कानाला क्षणभर स्पर्श करावा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा कण द्यावा. ते स्वतःहून डोके पुढे करू लागले की पाळी उचलावी, पुढे कोरडा कापूस टेकवावा आणि द्रावण सर्वांत शेवटी आणावे. एकाने घट्ट धरायचे आणि दुसऱ्याने ओतायचे, ही पद्धत आज जमते, पण त्याच पिल्लाचे वजन बारा किलो झाल्यावर जमत नाही.

पाऊसपाणी (ठाणे)

सर्वांचे आभार. परवाची वेळ घेतली आहे. तोवर डावा कान द्रावणाने धुऊन ठेवू का?

पशुवैद्य_पुणे

नको. धुतलेल्या कानातून तपासणीसाठी नमुना नीट मिळत नाही, म्हणून तो आहे तसाच राहू द्या आणि आंघोळही पुढे ढकला. खाजवणे फार वाढले किंवा डोके झटकून झटकून पाळी फुग्यासारखी सुजली, तर आत रक्त साकळलेले असू शकते. मग परवापर्यंत थांबू नका.