शब्दचर्चा : डेटा ‘काढणे’, ‘मागवणे’ की ‘उतरवून घेणे’?

प्रश्नकर्ती :
फिटबिटच्या घड्याळात रोज जमणारी माहिती आपल्या संगणकावर आणून देणारं एक छोटं साधन आम्ही काही जणांनी मिळून तयार केलंय. वापरणाऱ्यांत साठीच्या पुढचे, मराठीतूनच वाचणारे बरेच आहेत, म्हणून माहितीपुस्तिका मराठीत लिहायला घेतली. पहिलंच वाक्य : ‘हे साधन तुमच्या दैनंदिन डेटाची पुनर्प्राप्ती करते.’ हे कुणी वाचेल असं वाटत नाही. आणते, मिळवते, काढते – काय लिहावं? शिवाय एका सहकाऱ्याने ‘स्टेप्स’चं ‘पायऱ्या’ केलंय, तेही खटकतंय.

पहिला प्रतिसाद :
ताई, ‘पुनर्प्राप्ती’ हा शब्द शुद्धलेखनातच अडखळतो. ‘पुनर्जन्म’, ‘पुनर्विचार’ यांत पुढचं व्यंजन मृदू आहे म्हणून र् येतो. ‘प’ कठोर, तिथे विसर्गच राहतो : पुनःप्राप्ती. पण खरी अडचण अर्थाची आहे. पुनःप्राप्ती म्हणजे हातचं गेलेलं परत मिळणं. चोरीला गेलेले दागिने, चुकून पुसलेली फाईल. तुमच्या वापरकर्त्याचं काही हरवलेलंच नाही.

‘काढणे’ तर अजिबात नको. बँकेतून पैसे काढले की खात्यातली रक्कम कमी होते, सातबाऱ्याचा उतारा काढला तर मूळ नोंद दप्तरात जशीच्या तशी राहते. एकच क्रियापद, परिणाम उलटे. ‘जुना डेटा काढा’ असं बटण दिसल्यावर एखाद्या काकूंनी ते दाबावं की दाबू नये? मी ‘उतरवून घेणे’ सुचवेन. वहीतून वहीत उतरवून घेतलं की पहिली वही कोरी होत नाही, हे सांगावं लागत नाही.

दुसरा प्रतिसाद :
‘उतरवून घेणे’ आवडलं, पण ती शेवटची क्रिया झाली. त्याआधी साधन फिटबिटच्या सर्व्हरकडे, म्हणजे डेटा साठवणाऱ्या त्यांच्या संगणकाकडे, डेटा मागतं, आणि तिथे ‘मागवणे’ फार कामाचं आहे, कारण मर्यादा त्याच शब्दात सांगता येते. फिटबिटच्या वेब एपीआयला (बाहेरच्या साधनांनी डेटा मागण्याची खिडकीच ती) एका वापरकर्त्यासाठी तासाला १५० मागण्या चालतात. त्यापुढे ४२९ क्रमांकाची चूक येते आणि नवा तास लागेपर्यंत थांबावं लागतं. ‘एका तासात १५० वेळाच मागवता येते’ हे कुणालाही कळेल.

‘टोकन’ (साधनाला डेटा मागवायची परवानगी देणारा सांकेतिक मजकूर) टोकनच ठेवा, बँकेच्या रांगेत सगळ्यांनी हातात धरलेलं असतं. मात्र ‘टोकन ताजे करा’ लिहू नका. प्रवेशाचं टोकन एरवी ८ तास चालतं. मुदत संपल्यावर जुनं ताजं होत नाही, ते बाद होतं आणि दुसरं मिळतं. म्हणून ‘टोकन बदलून घ्या’.

आणि पावलं ही पावलंच! साधन जो तक्ता देतं त्यात ‘मजले’ असाही रकाना आहे (सुमारे १० फूट चढ म्हणजे १ मजला). त्याच्या शेजारी ‘पायऱ्या : ६,०००’ दिसलं तर माणूस जिने चढला असंच वाटणार. पुस्तिकेत सूचनांना ‘पायरी १, पायरी २’ म्हटलं असेल तर तेही बदला, नुसते आकडे पुरेत.

प्रश्नकर्ती :
दोन्ही घेते. साधन डेटा ‘मागवतं’ आणि फाईलमध्ये ‘उतरवून घेतं’. वाक्य एकदम मोकळं झालं, दोघांचेही मनापासून आभार.

आता ‘दैनंदिन’कडे वळते. पावलांचा दिवस मध्यरात्री संपतो. झोपेचं तसं नाही. रविवारी रात्री अकराला झोपून सोमवारी सहाला उठलेल्या माणसाची झोप सोमवारच्या तारखेला पडते. ‘रविवार रात्रीची झोप’ शोधणारा रविवारच्याच ओळीत बघेल आणि आदल्या रात्रीचे तास वाचेल. म्हणून त्या रकान्याला ‘तारीख’ न म्हणता ‘जाग आली ती तारीख’ असं नाव देतेय.

सगळ्यात जास्त काळजी मात्र वेगळ्याच रकान्याची वाटते. घड्याळ दिवसभर चार्जिंगला राहिलं तर विश्रांतीतल्या नाडीचा आकडाच येत नाही, तिथे ‘नोंद नाही’ लिहिता येतं. पावलं मात्र ० येतात आणि बैठी मिनिटं थेट १,४४०, म्हणजे पूर्ण २४ तास. हा तक्ता लोक डॉक्टरांना दाखवणार आहेत. शेतात राबून आलेल्या बाईच्या नावापुढे ‘बैठी मिनिटे १,४४०’ छापलेलं मला चालणार नाही.

पहिला प्रतिसाद :
मग ‘बैठी’ही नको आणि ‘निष्क्रिय’ही नको. दोन्ही शब्द माणसाबद्दल बोलतात, आणि घड्याळाला माणूस त्या दिवशी दिसलेलाच नाही. ‘हालचाल न नोंदलेली मिनिटे’ लिहा. खुर्चीत बसलेला वेळ त्यात बसतो, कपाटात पडलेल्या घड्याळाचा वेळही बसतो. शीर्षक लांब होतं खरं, पण रकान्यात दोन ओळींत मावेल. आणि पावलं ० असून ही मिनिटं १,४४० असतील त्या ओळीपुढे साधनानेच ‘घड्याळ घातलेले नसावे’ अशी टीप छापावी. ‘नव्हते’ नको, ‘नसावे’च.