डेक्कन क्वीन ते डेक्कन क्वीन: एका दिवसात मुंबईचं रेल्वे-जाळं कसं बघावं?

रूळवेडा_पुणे
रविवारी डेक्कन क्वीनने 10.25 ला सीएसएमटी, परतीलाही तीच, 17.10 ची. मधल्या पावणेसात तासांत लोकल आणि मेट्रो मिळून जास्तीत जास्त बघायचं आहे. विरार गाठावं की कल्याण? तिकिटं किती लागतील?

अप_स्लो
आधी वार बदला. रविवारी साधारण 11 ते 4 मेगाब्लॉक, म्हणजे नेमका तुमचा वेळ. मेन लाइनच्या स्लो गाड्या फास्टवर वळवतात, आणि हार्बरचा एखादा पट्टा बंदच असतो. शनिवारी या.

आणि विरार-कल्याण दोन्ही सोडा. तासभर तेच चार रूळ बघायचे का? बघण्यासारखं असतं ते मार्ग जुळतात-तुटतात तिथे. सीएसएमटीला फलाट 1-2 वरून पनवेल लोकल घ्या. हार्बर इथे पश्चिमेला सुटते, पण तिला जायचं असतं पूर्वेला, डॉकयार्ड रोडला. म्हणून मशीद सोडलं की ती चढते आणि मेन लाइन ओलांडते. सँडहर्स्ट रोडला त्यामुळेच फलाट दोन मजल्यांवर आहेत, हार्बरचे वरती. वडाळ्याला गोरेगावची शाखा फुटते. मानखुर्दनंतर खाडीपूल, तेव्हा दाराशी गर्दी करू नका, खिडकी धरा.

वाशीला ठाणे गाडी. ती सानपाड्यानंतर पनवेलचे रूळ सोडून डावीकडे वळते, आणि तुर्भ्याला जुईनगरकडून आलेली दुसरी शाखा मिळते. पूर्ण त्रिकोण आहे. अख्ख्या प्रवासात माझ्या मते हाच तुकडा सर्वात देखणा.

गार्डाचा_डबा
पुढचं मी जोडतो. ठाणे ते घाटकोपर फास्ट, तिथून मेट्रो 1 ने अंधेरी, मग चर्चगेट फास्ट. अंधेरीला हार्बरच्याही गाड्या सुटतात, चुकून सीएसएमटीच्या गाडीत चढू नका, वडाळ्यावरून फिरत बसाल. वाटेत दादरला उतरलात तर लक्षात ठेवा, डिसेंबर 2023 पासून पश्चिमचे फलाट 1 ते 7 आणि मध्यचे 8 ते 14. कुणी अजून ‘सेंट्रलचा एक नंबर’ म्हणालं तर तो आता 8.

शेवटी चर्चगेटहून भुयारी मेट्रो 3. हुतात्मा चौक, की लगेच सीएसएमटी. साडेचारला तिथे पोहोचा.

तिकीट: लोकलला एका दिवसाचं टुरिस्ट तिकीट, मध्य, पश्चिम, हार्बर, ट्रान्सहार्बर (ठाणे-वाशीचा मार्ग) सगळीकडे चालतं. एसी लोकलमध्ये चालत नाही, त्या गाड्या सोडून द्या. दोन्ही मेट्रोंची तिकिटं वेगळी.

रूळवेडा_पुणे
शनिवार पक्का. ठाण्याला इंडिकेटरवर ‘एन’ आणि ‘एस’ ही अक्षरं कसली? आणि चालत्या गाडीचा आवाज मध्येच पडतो तो का?

पँटोग्राफ
‘एन’ म्हणजे कसारा, ‘एस’ म्हणजे कर्जत. कल्याणला फुटणाऱ्या ईशान्य आणि आग्नेय मार्गांच्या इंग्रजी नावांतली पहिली अक्षरं ती. स्लोसाठीही ‘एस’च, त्यामुळे नवखा हमखास फसतो. आधी गाव, मग वेग, असं वाचा.

आवाज पडतो तो न्यूट्रल सेक्शनला. 1925 पासून इथे तारेत 1500 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होतं. ते बदलून 25 केव्ही (25 हजार व्होल्ट) एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, झालं: पश्चिमवर 2012, मध्य मेनवर 2015, हार्बरवर 2016 मध्ये काम पुरं झालं. एसीत शेजारच्या उपकेंद्रांचे फेज (विजेच्या लाटांची वेळ) वेगळे असतात. पँटोग्राफने, म्हणजे टपावरून तारेतली वीज घेणाऱ्या सांगाड्याने, ते जोडले तर शॉर्टच, म्हणून मध्ये तारेचा एक निर्जीव तुकडा. मोटरमन पाटी बघून ब्रेकर उघडतो, म्हणजे वीज तोडतो, गाडी मिळालेल्या वेगावर सरकते, पलीकडच्या पाटीला तो पुन्हा लावतो. गाडी नेमकी त्या तुकड्यात थांबली तर तिला जागचं हलता येत नाही, म्हणून तिथे सिग्नल येणार नाही अशी जागा निवडतात.

ऐकायचं असेल तर मोटर कोचमध्ये बसा, ज्याच्यावर पँटोग्राफ असतो तो डबा.