मदत हवी आहे: नाळेच्या रक्तात गोठणरोधक सीपीडी भरपूर, तरी गुठळ्या

सोलापुरात नाळेचं रक्त घेताना गुठळ्या होताहेत. पिशवीत ३५ मिली सीपीडी (रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण) आहे. १०० मिली रक्ताला १४ मिली या प्रमाणाने ते २५० मिलीला पुरावं. हाती येतं जेमतेम ६०-७०. म्हणजे सायट्रेट जवळजवळ चौपट!

गुठळी बहुधा नळीतच धरते. वार (प्लॅसेंटा) पडल्यावर धार मंदावते आणि नळीतल्या रक्ताला सीपीडी भेटतच नाही. पिशवी पहिल्या थेंबापासून हलवतोच. मग शेवटी नळी पिळून रक्त आत ढकलावं, की गुठळीही आत जाईल? वार पडण्याआधीच रक्त घेतल्याने कुणाला फरक पडला?

जादा सीपीडी आधी काढायचं नाही, निर्जंतुकपणा जातो. पण एवढ्या सायट्रेटमध्ये पिशवी पुण्याला पोचेपर्यंत रक्तातल्या पेशी कितपत तगतात? अनुभव आकड्यांसह सांगा.