ऑगस्टात मालदीव, आईला घेऊन. सलग पाऊस लागला तर काय करायचं?

समाकर

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात मालदीवचं बुकिंग केलंय. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. आईची पंच्याहत्तरी आहे, म्हणून बहिणीने आणि मी मिळून हा बेत आखला. आम्ही एरवी उतरतो त्या हॉटेलांपेक्षा हे खूपच वरचं आहे. पाण्यावरची व्हिला, दोन्ही वेळचं जेवण धरून. ऑगस्ट आहे म्हणूनच ते आमच्या आवाक्यात आलं. डिसेंबरचे दर ऐकून तो विषय तिथेच सोडला होता.

आता रोज मोबाइलवर तिथलं हवामान बघतोय आणि रोज तेच ढग, तीच वीज. एवढे पैसे घालून खोलीत पत्ते खेळत बसायचं का, असं बायको विचारते. पण माझी खरी काळजी आईची आहे. २०२४ च्या ऑगस्टात बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. वीज नाही, प्यायचं पाणी बेताचं, आणि कुठल्या गल्लीत मगर निघाली याच्या बातम्या. तेव्हापासून रात्री पावसाचा जोर वाढला की आई उठते, बाल्कनीत जाते आणि गेटपाशी पाणी किती आलंय ते बघते. अशा माणसाला चहूकडून समुद्र असलेल्या जागी ऐन पावसात न्यावं का?

शिवाय तिचे श्रावणी सोमवार आहेत. तारखा पुढे ढकलता येतील, पण गणपतीला घरी असायलाच हवं. जे पावसात जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

पैसे परत मिळत असतील तर गोव्याचा विचार करा. तीच पंचतारांकित सोय कमी पैशांत मिळते, आणि आपली भाषा कळणारी माणसं असतात, त्यामुळे आईंना परकं वाटणार नाही. बडोद्याहून मडगावला रेल्वेने जाता येतं. मात्र पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात, तेवढं धरून चला. ऑगस्टात दिवाडी बेटावर बोंदेरा नावाचा उत्सव असतो, शेतं हिरवीगार असतात.

समुद्रात मात्र उतरता येणार नाही. जून ते सप्टेंबर तिथे लाल बावटे लागलेले असतात आणि जीवरक्षक पाण्यात जाऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे. किनाऱ्यावरचे शॅकही उतरवलेले असतात. म्हणजे पाऊस बघायचा, मासे खायचे, देवळं-चर्च हिंडायची. आम्हाला ते फार आवडलं.

कीर्तीमंदिराजवळची

लष्करवाले दादा, गोव्याचा पाऊस मलाही प्रिय आहे. पण यांना समुद्रात उतरायचंय, आणि त्यासाठी ऑगस्टात मालदीवच बरं. समाकर, मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारची. आम्हीही सासूबाईंना घेऊन ऑगस्टातच गेलो होतो. जा, रद्द करू नका.

आधी पावसाबद्दल. आपल्याकडे येतो तोच नैऋत्य मान्सून तिथेही असतो, साधारण मे ते ऑक्टोबर. वर्षाचा हिशोब केला तर तिथल्या राजधानीत, मालेला, बडोद्याच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे आभाळ भरलं की दिवस गेला. तिथे पश्चिमेला समुद्र शाईसारखा काळा होतो, आधी वारा सुटतो, माडांच्या झावळ्या एका बाजूला झुकतात, आणि मग पाण्यावरून सर चालत येताना अक्षरशः दिसते. धो धो कोसळते आणि बऱ्याचदा तासाभरात पुढे निघून जाते. दिवसभर पाऊस लागला असं होतच नाही, असं मात्र नाही. आम्हालाही तसा दिवस मिळाला. मोबाइलवर दिवसभराचं मिळून एकच चित्र दिसतं, त्यावरून दिवस कसा जाईल ते कळत नाही.

दुसरं म्हणजे तो पाऊस गार नसतो. हवा रात्रंदिवस पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास, आणि समुद्राचं पाणीही जवळजवळ तितकंच उबदार. भिजलं तर हुडहुडी भरत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, पाऊस थांबायची वाट बघत खोलीत बसू नका. तिथली सगळी मजा बाहेर आहे आणि पावसात ती कमी होत नाही.

आता आईंबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. आमच्या सासूबाईंनीही तो पूर पाहिलेला. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण माहेरची माणसं अडकली होती. पहिल्या रात्री जोराची सर आली तशा त्या उठल्या आणि दार उघडून पायरीशी बघायला गेल्या. मीही मागोमाग गेले. व्हिलासमोर पांढरी वाळू, त्यावर थेंबांनी पडलेले बारीक बारीक खळगे, आणि पाणी कुठेच नाही. टॉर्च मारून इकडे तिकडे बघितलं, साधं डबकंसुद्धा नव्हतं. ती पोवळ्यांची वाळू असते, पडलेलं पाणी तिथल्या तिथे मुरतं. मालदीवमध्ये नदीच नाही, त्यामुळे वरून सोडलेलं पाणी, धरण, पातळी हा प्रकार नाही. सासूबाईंनी पायाने वाळू उकरून बघितली, "अगं, खाली ओली आहे, पण चिखल नाही," म्हणाल्या आणि आत येऊन झोपल्या. पुढच्या रात्री त्या उठल्या नाहीत.

म्हणूनच सांगते, पाण्यावरची व्हिला आईंसाठी नको. दिसते फार सुंदर, पण रात्रभर लाकडी जमिनीखाली पाणी आपटत असतं आणि वाऱ्याच्या रात्री तो आवाज वाढतो. ज्यांना त्या आवाजाने झोप लागते त्यांच्यासाठी ते सुख आहे, तुमच्या आईंना त्रास होईल. शिवाय जेवायला जायचं म्हणजे उघड्या लाकडी पुलावरून भर वाऱ्यात चालायचं, तिथे छत्री टिकत नाही. आत्ताच मेल करून किनाऱ्यावरची, झाडीतली व्हिला मागा. ती बहुधा स्वस्तच पडते. आणि बेटाच्या पूर्व बाजूची मागा. या दिवसांत वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पूर्वेकडे आडोसा असतो. हे आवर्जून विचारायचं आणखी एक कारण आहे. तिथली वाळू मोसमाप्रमाणे बेटाभोवती सरकते. एका मोसमात जिथे रुंद पुळण असते तिथे दुसऱ्या मोसमात थोडीशीच उरते. सध्या पुळण कुठल्या बाजूला आहे, असं सरळ विचारायचं.

किनाऱ्यावरच्या व्हिलांना बऱ्याचदा न्हाणीघर उघडं असतं, म्हणजे भिंती उंच पण वर आभाळ. पावसात गरम पाण्याचा शॉवर आणि वरून सर, दोन्ही एकदम अंगावर. सासूबाई आयुष्यात कधी चारचौघांत भिजल्या नव्हत्या, तिथे त्यांनी केस मोकळे सोडून मनसोक्त अंघोळ केली. फरशी निसरडी होते, तेव्हा मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घेऊन जा.

मुलीसाठी. हलक्या पावसात खाजणात, म्हणजे रीफच्या (पोवळ्यांच्या खडकांच्या) आतल्या उथळ शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून मास्क लावून उतरायचं. पाण्यात तोंड घातलं की वरचा पाऊस बारीक चुरचुर असा ऐकू येतो, आणि मान वळवून वर बघितलं तर पाण्याच्या छतावर थेंब टाचण्यांसारखे टोचत असतात. खाली मासे आपले निवांत. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा पावसातच जाईन. पण वीज कडाडली की लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात नाही. रीफच्या कडेला प्रवाह ओढतो, तिकडे तिथल्या गाइडशिवाय जायचंच नाही.

मांटा बघायचे असतील तर हाच मोसम. या दिवसांत प्रवाहांबरोबर प्लवक, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, पूर्वेकडच्या कडांना गोळा होतात आणि ते खायला हे पंखांसारखे पसरट, अवाढव्य मासे येतात. बा अटॉलमधला (अटॉल म्हणजे पोवळ्यांच्या बेटांचं कडं) हनिफारू उपसागर त्यासाठी प्रसिद्ध आहे, मे ते नोव्हेंबर. तिथे फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरच्या वर पोहणं, करू देतात, टाकी लावून बुडी मारायला बंदी आहे. म्हणजे लोक ज्याला ऑफ सीझन म्हणतात, तोच यांचा सीझन. मात्र त्याच प्लवकामुळे पाणी थोडं गढूळ दिसतं, काचेसारखं मिळेल अशी अपेक्षा नको.

सर ओसरली की संध्याकाळी मुलीला टॉर्च देऊन झाडांखाली न्या. शंखात राहणारे खेकडे बाहेर पडलेले असतात, छोट्या बोराएवढ्यापासून मुठीएवढे. शंख उचलायचा नाही, नुसतं बसून राहायचं. थोड्या वेळाने एकेक पाय बाहेर येतो आणि तो चालायला लागतो. आणि धक्क्यावर एखादा राखी बगळा पावसात मान आखडून उभा असतो, अगदी जवळ गेलात तरी हलत नाही.

सासूबाईंची सगळ्यात जास्त गट्टी जमली ती आमच्या खोलीची व्यवस्था बघणाऱ्या मुलाशी. तो तिथलाच. त्यांचं जुनं पंचांग आपल्यासारखंच नक्षत्रांवर चालतं, सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे तेरा-चौदा दिवस, आणि कुठल्या नक्षत्रात समुद्र खवळतो, कुठल्यात मासा मिळतो, ते जुन्या माणसांना पाठ असतं. जूनमध्ये त्यांचं मृग, मग आर्द्रा, आणि तुम्ही जाल तेव्हा मघा, तारखा आपल्याशी चार-पाच दिवस इकडे तिकडे. सासूबाईंनी त्याला विचारलं, यंदा मघाचं वाहन काय. वाहन म्हणजे बेडूक-म्हैस हे समजावताना दोघांनी हातवारे करून जी धमाल केली ती बघायला हवी होती. तुमच्या आईंनाही पंचांग बघायची सवय असेल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सोमवारचं मी आधी कळवलं होतं. भगर, साबुदाणा आणि दाण्याचं कूट घेऊन गेले, तिथल्या भारतीय आचाऱ्याने भगर शिजवून दिली. शहाळी आणि फळं भरपूर मिळतात. राजगिऱ्याचे लाडू जवळ ठेवा. कपडे वाळत नाहीत, तेव्हा आईंना सुती साड्यांऐवजी लवकर वाळणाऱ्या द्या.

सराफ्याजवळ (इंदूर)

ताईंनी सगळं लिहिलंच आहे, फक्त प्रवासाचं बोलतो. रिझॉर्टला विमानतळावरून कसं नेतात ते बघा. सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त उजेडात उडतं आणि हवा खराब असली की थांबवतात. दुपारी उशिरा उतरलात तर ती रात्र मालेत काढावी लागू शकते. पंच्याहत्तरीच्या बाई बरोबर आहेत, तेव्हा मालेला सकाळी पोचणारं विमान घ्या. स्पीडबोट असेल तर पावसात ती उसळते, मागच्या बाजूला बसवा, तिथे धक्के कमी लागतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधी द्या. व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण विमानाच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. रिझॉर्टमध्ये माणशी रोजचा १२ डॉलर ग्रीन टॅक्स असतो, तो तुमच्या दरात धरलाय का ते विचारा.

समाकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. वाळू उकरून बघितली तिथे तिने मला थांबवलं आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, जाऊया.

रिझॉर्टला मेल केला. पूर्वेकडची किनाऱ्यावरची व्हिला मिळतेय, आणि फरकाची रक्कम आम्ही मांटाच्या सहलीला वळवतोय. तिथे सीप्लेनच आहे, म्हणून मुंबईहून सकाळचं विमान बघतोय. एकच विचारायचं राहिलं. मुलीला पोहता येतं, पण चष्मा आहे. मास्कचं काय करायचं?

कीर्तीमंदिराजवळची

नंबरचा मास्क मिळतो. रिझॉर्टच्या डायव्हिंग सेंटरला तिचा नंबर आत्ताच कळवा, काही जण ठेवतात. पण लहान मुलांच्या मापात तिथे मिळेलच असं नाही, म्हणून इथूनच घेतलेला बरा. घ्यायच्या आधी नाकाने श्वास ओढून, पट्टा न लावता, तोंडावर चिकटतो का ते तिला करून बघायला सांगा. चिकटला तर पाणी आत शिरत नाही.