नागपूरच्या तलावांत पुन्हा पोहता यावे : आपले अनुभव लिहा

अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर अशी तलावांची नावे एका दमात सांगणाऱ्या आपल्या शहरात मुलांना पोहायला शिकवायचे, तर शुल्क भरून तरणतलावाकडेच जावे लागते. उघडे पाणी पोहण्यालायक कशामुळे राहत नाही आणि ते पुन्हा तसे कसे होते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. आतापर्यंत आलेले अनुभव खाली देत आहे.

महाल येथील एक ज्येष्ठ गृहस्थ :
गांधीसागराला आमच्या घरी जुम्मा तलावच म्हणत. पाठीला रिकामा डबा बांधून थोरल्या भावाने मला तिथेच पाण्यात सोडले होते. पुढे सांडपाणी आत येऊ लागले, पाण्यावर हिरवा तवंग धरू लागला आणि कोणी मनाई न करताच पोहणे बंद पडले. माझ्या नातवंडांना तो तलाव फक्त काठावरून ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाणीतपासणीचे काम करणाऱ्या एक ताई :
‘पाणी नितळ दिसते, मग पोहायला काय हरकत?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. डोळ्यांना मैला दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार उघड्यावरील स्नानाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी (म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि १०० मिलिलिटरमध्ये मैल्याची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जीवाणू एकूण ५०० पर्यंतच असावे लागतात. आम्ही निर्जंतुक बाटलीत नमुना घेतो, बर्फाच्या पेटीतून आणतो आणि द्रव माध्यमाच्या नळ्यांत घालून ३५ अंशांवर ठेवतो. आत उलटी ठेवलेली छोटी नळी असते. तिच्यात वायूचा बुडबुडा धरला की कोलिफॉर्मची शंका येते. हे कळायला २४ ते ४८ तास जातात आणि तेवढ्यात एखादी जोरदार सर आली, तर हाती आलेला अहवाल कालच्या पाण्याचा ठरतो. म्हणून नुसती तपासणी पुरत नाही. पावसानंतर पोहणे आपोआप थांबवण्याचा नियमही हवा.

मुलाकडे कोपनहेगनला राहून आलेल्या धरमपेठच्या काकू :
तेथील बंदरात २००२ साली सार्वजनिक स्नानस्थळ सुरू झाले. त्याआधी मुसळधार पावसात सांडपाणी बंदरात उसळू नये, म्हणून ते साठवण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. आजही पाण्याच्या गुणवत्तेचा अंदाज लोकांना रोज कळतो आणि पाणी बिघडले की पोहणे बंद ठेवतात. पॅरिसमध्ये १९२३ पासून मनाई असलेली सीन नदी २०२५ च्या जुलैत लोकांसाठी खुली झाली, हे वाचले तेव्हा मला शहरातून सांडपाणी घेऊन वाहणारी आपली नाग नदी आठवली. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडून वाहिला, तेव्हा आमच्या ओळखीच्यांच्या घरात शिरलेल्या पाण्याला मैल्याचा वास होता.

पोहणे शिकवणारे एक भाऊ :
पाणी शुद्ध झाले तरी तळाचा गाळ आणि जलपर्णीची मुळे पायात अडकतात, त्यामुळे चांगला पोहणाराही घाबरतो. तलावभर मोकळीक देण्याऐवजी गाळ काढलेला, दोरांनी आखलेला एकच भाग निवडावा, खोलीचे फलक लावावेत आणि ठरावीक वेळेत जीवरक्षक नेमावेत. माझ्या मते सुरुवात सोनेगावसारख्या आटोपशीर तलावापासून व्हावी, अर्थात त्यात येणारे सांडपाणी आधी पूर्ण बंद करूनच.