मॅडॉक आणि मंडान लोकांच्या गोल होड्या

अमेरिकेतल्या मंडान या मूळनिवासी जमातीच्या चामड्याच्या गोल होड्यांचा दाखला काही जण देतात, की त्या वेल्श (म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या) होड्यांसारख्या, म्हणून दंतकथेतला वेल्श राजपुत्र मॅडॉक ११७० च्या सुमारास अमेरिकेत पोचला असणार. अहो, तशा गोल होड्या हंपीला तुंगभद्रेतही चालतात! मग तिथेही वेल्श लोक आले होते म्हणायचं का?

मला जास्त खटकतं ते वेळेचं गणित. मॅडॉक अमेरिकेत गेल्याची कथा ठळकपणे पुढे येते ती थेट सोळाव्या शतकात, आणि इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा सल्लागार जॉन डी ती राणीपुढे मांडतो ती स्पेनच्या आधी अमेरिकेवर इंग्लंडचा हक्क सांगायला. दंतकथा बरोबर गरजेच्या वेळी सापडली म्हणायची.

आणि जॉन इव्हान्सला कसं विसरायचं? हा वेल्श तरुण १७९२ मध्ये 'वेल्श इंडियन', म्हणजे मॅडॉकच्या लोकांचे अमेरिकेतले मानले जाणारे वंशज, शोधायला निघाला. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या सेंट लुईसमध्ये स्पॅनिशांनी त्याला हेर समजून तुरुंगात टाकलं. पुढे त्यांच्याच मोहिमेतून मिसूरी नदीने वर जाऊन १७९६-९७ चा हिवाळा त्याने मंडानांमध्ये काढला. परतल्यावर त्याने सरळ कळवलं, वेल्श इंडियन वगैरे कुणी नाहीत. बिचारा १७९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला वारला. त्याच्या मोहिमेचा नकाशा मात्र पुढे अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्कच्या कामी आला.